शंभरपैकी अठ्ठावीस

“गणितात नव्हं बाई, इंग्रजीत असंल,” मी म्हणालो आणि चक्क हसलो.

इनामदारबाई हसल्या नाहीत. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निकाल लागायच्या आधी त्यांनी एखाद्या पालकाला बोलावलं, तर ते चहासाठी नसतं हे सगळ्या तासगावला ठाऊक होतं. त्यांनी टेबलावरचा निकालाचा तक्ता माझ्याकडे फिरवला आणि माझ्या मुलीच्या, गिरिजाच्या नावाखाली पट्टी धरली. इंग्रजी तीस. गणित अठ्ठावीस. दोन्ही आकड्यांखाली लाल रेघ होती.

“इंग्रजीचं आम्ही धरूनच चाललो होतो,” बाई म्हणाल्या. “एका विषयाला आम्ही सांभाळून घेतो, आवटी. दोन विषय नापास असलेली मुलगी दहावीत घेता येणार नाही. तुम्ही तिचा दाखला काढून घ्या. सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे तिला बाहेरून दहावीला बसता येईल. वर्ष वाया जाणार नाही.”

सतरा नंबर म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. शाळेला दहावीचा निकाल शंभर टक्के दाखवायचा असतो, म्हणून कच्ची पोरं नववीतच बाहेर काढायची आणि त्यांना हा फॉर्म हातात द्यायचा. आमच्या गल्लीतली दोन पोरं अशी बाहेर पडली होती. त्यातलं एकही पुढं दहावी झालं नाही.

“अहो बाई, आठवीला तिला गणितात शहाण्णव होते. शाळेत पहिली होती ती!”

“मला माहीत आहे.”

“मला पेपर दाखवा.”

“पेपर मगदूम सरांच्या कपाटात आहेत आणि सर लग्नाला गावी गेलेत. सोमवारी सकाळी येतील. सोमवारी बारा वाजता मी या तक्त्यावर सही करते. त्यानंतर माझ्या हातात काही नाही.”

त्या दिवशी शनिवार होता. सत्त्याण्णव सालचा एप्रिल. मी शीतगृहात बेदाण्याची प्रतवारी करायचो आणि आमचा ऐन हंगाम चालू होता. माझं काम म्हणजे पेटी उघडायची, मूठभर बेदाणा ताटात पसरायचा आणि त्यातला डागी मणी शोधायचा. चांगला मणी कुणालाही दिसतो. डाग शोधायचा पगार मला मिळायचा आणि त्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. मला त्याचा माज होता, हे आता सांगायला हरकत नाही.

पोरांची प्रगतिपुस्तकंही मी तशीच बघायचो. गिरिजाचं पुस्तक हातात आलं की गणितातले नव्वदच्या वरचे आकडे मला दिसायचेच नाहीत. डोळा थेट इंग्रजीवर जायचा. आणि तिथं दर वेळी डाग असायचाच.

इंग्रजीवर माझा राग जुना होता. मी स्वतः दहावीला इंग्रजीतच दोनदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या. बाकी सगळ्या विषयांत पास होतो. त्या एका विषयापायी मी आयुष्यभर दुसऱ्याचा बेदाणा निवडत बसलो, असं मला वाटायचं. गिरिजाचं तसं होऊ द्यायचं नाही, हा माझा हट्ट होता. मी तिला एकच गोष्ट शंभरदा सांगितली असेल. “गणितात एवढे पडतात म्हणजे डोकं हाय तुला. डोकं असून इंग्रजीत पडत न्हाईत म्हणजे तू मुद्दाम करत न्हाईस.” तिला शिकवणी लावली. पहाटे उठवून शब्द पाठ करून घेतले. सहामाहीत इंग्रजीत पुन्हा अठ्ठावीस पडले तेव्हा माझं टाळकं सरकलं. मी तिची गणिताची पुस्तकं, वह्या, कंपासपेटी सगळं उचललं आणि लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला बांधली. इंग्रजीत पस्तीस दिसेपर्यंत घरात गणित बंद. शाळेत होईल तेवढंच.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी दुपारी घरी आलो आणि महानंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

“कुलूप कुणी घातलं?” तिनं विचारलं.

“मी काय नापास हो म्हणून घातलं का?”

“सहा महिने पोरीला वही दिली न्हाई तुम्ही. ती पेपरात काय लिहिणार, तुमचं नाव?”

उत्तर नसलेला माणूस जे करतो तेच मी केलं, खापर फोडायला दुसरं कुणी तरी शोधू लागलो. मगदूम सर आयते सापडले. दिवाळीत ते आमच्या घरी आले होते. गिरिजाला सांगलीला गणिताच्या एका परीक्षेला पाठवा म्हणाले, खर्च शाळा करील म्हणाले. तेव्हा मी त्यांना उंबऱ्यातच म्हटलं होतं, “सर, तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा. पोरगी इंग्रजीत बुडाया लागलीय.” बिचारे पाणीही न पिता गेले. त्या अपमानाचा वचपा त्यांनी काढला असणार, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

गिरिजाला मी एकदाच विचारलं. ती अंगणात तिचा धाकटा भाऊ बसू याच्याबरोबर गजगे खेळत होती.

“पेपर अवघड होता का गं?”

“होता.”

“मगदूम सर तुझ्यावर डूख धरून हायत का?”

“न्हाई अप्पा. सर चांगले हायत.”

“तुला दाखला देणारेत शाळेतनं. कळतंय का?”

“कळतंय,” ती म्हणाली आणि गजगा झेलला.

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. उलट मोठ्या आजारातून उठलेल्या माणसासारखी ती हलकी दिसत होती. संध्याकाळी ताटावर बसली तर दोन भाकऱ्या खाल्ल्या, बसूची थट्टा केली. बसू सातवीत होता. त्याला सगळ्या विषयांत चाळीस ते पंचेचाळीस पडायचे, वर्षानुवर्षे, कुठं कमी नाही कुठं जास्त नाही. त्याला आम्ही कधी बोललो नाही. पोराची कुवतच तेवढी, म्हणायचो, आणि पास झाला की महानंदा शिरा करायची. गिरिजाच्या निकालाला घरात शिरा झाल्याचं मला आठवत नाही.

रविवार कसा गेला ते माझं मला माहीत. शीतगृहात एका व्यापाऱ्याचा चांगला माल मी डागी म्हणून बाजूला काढला आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या.

सोमवारी दहा वाजता मी गिरिजाला घेऊन शाळेत गेलो. महानंदा दारात एवढंच म्हणाली, “तिथं आवाज चढवू नका.” मी पहिल्या पाच मिनिटांतच चढवला.

“सर, माझ्यावरचा राग पोरीवर कशाला काढता?”

मगदूम सर उंच, वाकलेले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले. ते रागावले नाहीत. त्यांनी इनामदारबाईंकडे पाहिलं, कपाट उघडलं, गठ्ठ्यातून एक पेपर काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. गिरिजा भिंतीला टेकून उभी होती. तिनं पेपराकडे पाहिलंच नाही.

“आवटी, तुम्ही बसा,” सर म्हणाले. “हा पहिला प्रश्न बघा. योग्य पर्याय निवडा. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. हिचे किती बरोबर आहेत?”

मी मोजले. “एकबी न्हाई.”

“वर्गात सगळ्यात कच्चा मुलगा आहे, त्याचे तीन बरोबर आलेत. त्याला काही येत नव्हतं, तो डोळे मिटून खुणा करत गेला. ज्याला काहीच येत नाही त्याचे दोन-तीन आपसूक बरोबर येतात. दहाच्या दहा चुकवायचे असतील तर बरोबर उत्तर कुठलं हे दहाही वेळा माहीत पाहिजे.”

मी गिरिजाकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

“आता इथून पुढे.” सरांनी पान उलटलं. “ही सहा गणितं. सगळ्या पायऱ्यांसकट बरोबर. अक्षर बघा, मोत्यासारखं. यांचे गुण होतात अठ्ठावीस. त्यानंतर पेपर संपेपर्यंत एकही गुण नाही. पुढच्या प्रत्येक गणितात पहिल्याच ओळीत चूक केलीय, म्हणजे पायरीचा अर्धा गुणसुद्धा मी देऊ नये. आणि एकदा चुकीचा आकडा घेतला की पुढचं सगळं त्या आकड्यानं बिनचूक सोडवलंय. मी बत्तीस वर्षं पेपर तपासतोय. नापास व्हायला इतकी मेहनत घेतलेली मी कुणाची पाहिली नाही.”

“मग तुम्ही तिला पास का न्हाई केलं?”

“कागदावर जे आहे त्याचे गुण मी देतो. डोक्यातल्याचे कसे देणार? मी तिला विचारलं, ती बोलली नाही. म्हणून बाईंना म्हटलं, तिच्या वडिलांना बोलवा.”

अठ्ठावीस. मघापासून हा आकडा मला कुठं तरी टोचत होता. सहामाहीतले इंग्रजीचे मार्क. शंभरपैकी अठ्ठावीस.

“गिरे,” मी म्हणालो. “का केलंस हे?”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग ती बोलायला लागली ती थांबेचना.

“मला इंग्रजी येत न्हाई अप्पा. मी करते पाठ, पहाटे करते, शाळेत येईतवर जातंय. तुम्ही म्हणता मुद्दाम करत न्हाईस. मी मुद्दाम न्हवते करत. पण गणितात शहाण्णव पडतात म्हणून तुम्हाला ते खरंच वाटत न्हाई. मला वाटलं, गणितातबी तेवढेच पडले की खरं वाटंल. बसूला कुठं कोण काय म्हणतंय? त्याला म्हणता त्याची कुवत तेवढीच. मग माझीबी तेवढीच धरा की.”

“अगं पण शाळेतनं काढतील तुला!”

“काढू दे. घरी बसून परीक्षा दिली तर तुम्हाला कुणी शाळेत बोलवणार न्हाई.”

मगदूम सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. इनामदारबाई घड्याळाकडे बघत होत्या. पावणेअकरा वाजले होते.

“हे बघा,” बाई म्हणाल्या, “मी नियमाबाहेर फार जाऊ शकत नाही. पण फेरपरीक्षा घेण्याचा अधिकार मला आहे. पन्नास गुणांचा पेपर, एक तास. सर आत्ता फळ्यावर गणितं लिहून देतील. पास झाली तर मी तक्त्यात दुरुस्ती करून सही करीन. पण अकराला सुरू झालं पाहिजे.”

“बसंल ती,” मी म्हणालो.

“न्हाई बसणार,” गिरिजा म्हणाली.

माझा हात उठला. खोटं कशाला सांगू, उठला. बाईंच्या समोर, सरांच्या समोर. तो मी तसाच टेबलावर आपटला आणि दौतीतली शाई कागदावर सांडली. सर उठले, बाईंना खुणेनं बाहेर घेऊन गेले आणि जाताना दार लोटून गेले.

आम्ही दोघंच राहिलो. मी आधी दटावलं. मग शाळेची भीती घातली, गल्लीतल्या त्या दोन पोरांची नावं घेतली. मग आईची शपथ घातली. ती नुसती उभी. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अकराला पाच मिनिटं कमी दाखवत होता.

“बस की गं,” शेवटी मी हात जोडले. पोटच्या पोरीपुढे हात जोडायची वेळ माझ्यावर आली होती आणि ती मीच आणली होती.

गिरिजानं माझ्या हातांकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले.

“बसते,” ती म्हणाली. “किती पाडू सांगा.”

“म्हणजे?”

“पन्नासातले किती पाडू? अठरा पुरतात पास व्हायला. तीस पाडू? चाळीस? तुम्ही म्हणाल तेवढे पाडते. पण नेमकं सांगा अप्पा, म्हणजे मागनं इंग्रजीचं काढायचं न्हाई.”

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. बाजारात निघालेलं पोर किती आणू म्हणून विचारतं, तसं. मला भडभडून आलं. माझ्या तोंडून आकडा फुटेना. चाळीस म्हटलं तरी वाईट, पन्नास म्हटलं तरी वाईट.

“मी न्हाई सांगणार,” मी म्हणालो. “मला मार्क नकोत तुझे. आजपासनं मी कुठल्या विषयाचे मार्क विचारणार न्हाई. प्रगतिपुस्तक उघडणारबी न्हाई. तुझी आई सही करील.”

“इंग्रजीचेबी?”

“इंग्रजीचेबी.”

“शपथ?”

“तुझी शपथ.”

तिनं तोंड पुसलं आणि वर्गात गेली. मी व्हरांड्यात उभा राहिलो. खिडकीतून तिचा वाकलेला माथा दिसत होता. तासभर तिनं एकदाही मान वर केली नाही. बाराला पाच कमी असताना मगदूम सर पेपर घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोरून ऑफिसात गेले. थोड्या वेळानं इनामदारबाईंनी दारातून मान हलवली. पास. सरांनी पेपर गिरिजाच्या हातात दिला. तिनं घडी घालून तो दप्तरात ठेवला. मी काही विचारलं नाही.

घरी जाऊन मी किल्ली करगोट्यातून सोडली आणि महानंदाच्या हातात दिली.

आणि मी शब्द पाळला. त्या दिवसानंतर मी तिचे मार्क विचारले नाहीत. दहावीला इंग्रजीत काठावर सुटली हे मला महानंदाकडून कळलं. बारावीचं, पदवीचं, सगळं तिच्याकडूनच कळलं. गिरिजा पुण्याला विमा कंपनीत लागली, तिथं दिवसभर आकडेच असतात म्हणे. चारचौघांत पोरांच्या अभ्यासाचा विषय निघाला की मी छाती फुगवून सांगायचो, “मी पोरीचे मार्क कधी विचारले न्हाईत.” लोकांना कौतुक वाटायचं. मला तर माझं फारच वाटायचं.

गेल्या वर्षी मी पुण्याला तिच्याकडे राहायला गेलो होतो. नातीचा, सईचा निकाल होता. ती सहावीत. शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि निकालपत्र हातात धरून माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. मी हसलो आणि म्हणालो, “जा, हातपाय धू, काहीतरी खा.” ती उभीच. मी पेपर वाचायला घेतला. शब्दाला जागणारा माणूस होतो ना मी.

स्वयंपाकघरातून गिरिजा म्हणाली, “अप्पा, विचारा की तिला.”

“काय?”

“किती पडले ते. ती त्याचीच वाट बघतेय.”

“अगं, मी तुला शब्द दिला होता...”

गिरिजा हात पुसत दारात आली. “दिला होता,” ती म्हणाली. “चार दिवस मी तो फेरपरीक्षेचा पेपर दप्तरात सगळ्यात वर ठेवला होता. तुम्ही आलात की मुद्दाम दप्तर उघडत होते. म्हटलं, एवढा एक तरी विचारतील.”

एवढी वर्षं मी ज्याचा डौल मिरवला ते हे होतं. सई एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती.

“किती पडले होते गं?” मी विचारलं.

“आता काय करायचंय, अप्पा?”

“सांग की.”

“पन्नासातले अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली, आणि बोलताना तिचा चेहरा नववीतल्या पोरीसारखा झाला.

दोन कुठं गेले, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते कसंबसं गिळलं. पण गिरिजा माझ्याकडेच बघत होती, आणि ते तिला कळलं.